महेश्वरच्या वाड्यात गाडी चार्ज होईना

इंदूरहून महेश्वरला जायला दोन रस्ते आहेत. एक आग्रा-मुंबई हायवेचा, मानपूर, गुजरी, धामनोद असा. दुसरा महूहून जाम दरवाज्यावरून मंडलेश्वरला उतरणारा. अंतर दोन्हीकडून थोडंफार सारखंच, नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. घाई असेल तर हायवे, आणि सोबत लहान मूल व थर्मासमध्ये चहा असेल तर जाम दरवाजा, असा आमच्या घरचा नियम आहे.

जाम दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधला. माळव्याचं पठार जिथे संपतं तिथे अगदी कडेवर ही दगडी वास्तू उभी आहे. वरच्या खिडक्यांमधून पाहिलं की खाली लांबवर निमाड पसरलेला दिसतो. पावसाळ्यात इथे ढग कमानीतून ये-जा करतात आणि अर्धं इंदूर भुट्टे खायला जमतं. मे महिन्यात मात्र माकडं आणि गरम वारा सोडला तर फारसं कुणी नसतं. आम्ही गेलो ते मे महिन्यातच.

कारण होतं आत्याचं. माझी आत्या महेश्वरला किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या जुन्या वाड्यात एकटी राहते. वय ७६. सोमवारी सकाळी इंदूरला तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वेळ ठरली होती. शनिवारी आपण जायचं, रविवार तिथे काढायचा, मुलीला घाट आणि हातमाग दाखवायचे आणि सोमवारी पहाटे आत्याला घेऊन निघायचं, असा बेत होता.

आमची गाडी इलेक्ट्रिक. घेऊन दीड वर्ष झालं. बॅटरी ३० युनिटची, म्हणजे घरच्या मीटरवरची ३० युनिटं तिच्यात मावतात. शहरात ही गाडी चालवताना बॅटरीचा विचारही मनात येत नाही, पण घाटाच्या रस्त्यावर त्याची गंमत कळते. इंदूरहून निघताना ८६ टक्के होते. जाम दरवाज्यापाशी ६३ झाले. तिथून खाली उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटारच जनित्राचं काम करते आणि उताराची वीज बॅटरीत परत येते. घाट उतरून सपाटीला लागलो तेव्हाही आकडा ६३च होता. मुलीला वाटलं मीटर बंद पडलं.

पण उतारावर जे मिळतं ते चढावर द्यावं लागतं. महू समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, महेश्वर दीडशेच्या आसपास. माणसांसकट १६०० किलोची गाडी ४०० मीटर वर न्यायला पावणेदोन युनिटं नुसती उंचीपायी लागतात, बाकीचा रस्ता वेगळा. वाड्याच्या दारात पोचलो तेव्हा ५२ टक्के उरले होते. चार माणसं, एसी आणि चढ धरून परतीला ५५-६० टक्के हवेत. म्हणजे रात्री चार्जिंग करणं भाग होतं. त्यात काही विशेष नव्हतं. गाडीबरोबर मिळालेली केबल १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर चालते. रात्रभर लावली की सकाळी गाडी भरलेली.

महेश्वरबद्दल आपल्या वाचकांना नव्याने काय सांगायचं! मल्हाररावांनंतर अहिल्याबाईंनी इथून राज्य चालवलं. १७९५ मध्ये त्या गेल्या, पुढे १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला गेली. तिच्याबरोबर बरेचसे कारकून, पुराणिक, भिक्षुक इंदूरला गेले आणि काही घरं मागे राहिली. आत्याचं सासर त्यांतलं. वाडा म्हणजे फार मोठं काही नाही. रस्त्याला दोन खोल्या, मधे चौक, मागे परसू आणि परसात केळीचं बेट. सागाचे खांब, वर माळवद. पहिली वीज आली तेव्हाचे काळे गोल स्विच अजून दोन खोल्यांत आहेत.

जेवणं झाली. आमरस, निमाडी अमाडीची भाजी, ज्वारीची भाकरी. नंतर मी केबल काढली, चौकातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावली आणि दुसरं टोक गाडीत. केबलच्या मधोमध एक चपटी डबी असते. तिच्यावर हिरवा दिवा लागायला हवा आणि गाडीतून ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तसं काही झालं नाही. लाल दिवा उघडझाप करू लागला.

आत्या पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, “बिघडली का रे?”

ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी इथे थोडं सविस्तर लिहितो. गाडी चार्ज होत नाही म्हटलं की आपण लगेच धरून चालतो की गाडी बिघडली. तसं क्वचितच असतं. चार्जिंग सुरू होण्याआधी गाडी आणि ती डबी यांच्यात एक छोटं संभाषण होतं. डबी आधी सॉकेटची तपासणी करते: दाब पुरेसा आहे का, अर्थिंग आहे का. ते ठीक असेल तर एका वेगळ्या पिनेतून बारा व्होल्टचा संदेश गाडीकडे पाठवते. गाडी जोडली गेली की तो नऊ व्होल्टवर येतो, आणि गाडी घ्यायला तयार झाली की सहावर. त्याच संदेशातून डबी गाडीला सांगते की किती अँपिअरपर्यंत घेतलेस तर चालेल. एवढं सगळं पार पडलं तरच आतला रिले बंद होतो आणि वीज वाहू लागते. तोच तो ‘टक्’. यातल्या कुठल्याही पायरीवर ‘नाही’ आलं की गाडी चार्ज होत नाही. तेव्हा गाडी नाही म्हणते त्यामागे कारण असतं. ते शोधायचं.

आमच्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, शोधायची एक साधी रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काम होईल कदाचित, पण कशामुळे झालं ते कळणार नाही.

आधी फुकटचे उपाय. गाडी पूर्ण बंद आहे ना? ‘रेडी’ स्थितीत असेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग घेत नाहीत. गाडीच्या स्क्रीनवर चार्जिंगची वेळ ठरवून ठेवलेली नाही ना? ठराविक टक्क्यांना थांबायची मर्यादा लावलेली नाही ना? प्लग नीट आत गेला आहे ना? तोंडात धूळ, कचरा नाही ना? सगळं ठीक होतं. केबल काढून पाच मिनिटं थांबून पुन्हा लावली. लालच.

मग सॉकेट बदललं. स्वयंपाकघरात फ्रिजसाठी एक १५ अँपिअरचं होतं. खिडकीतून केबल बाहेर घेऊन लावून पाहिली. लाल. फ्रिज मात्र त्याच सॉकेटवर मजेत चालत होता.

आता घरच बदलायचं राहिलं. समोर एक नवं दुमजली घर झालं आहे, वर यात्रेकरूंसाठी खोल्या आहेत. त्यांच्या मुलाला विचारलं, तो लगेच तयार झाला. गाडी त्यांच्या ओट्याला लावली, केबल जोडली. हिरवा दिवा आणि ‘टक्’. म्हणजे गाडी ठीक, केबल ठीक. दहा मिनिटांत उत्तर मिळालं होतं. पण ती गल्ली घाटाकडे जाणारी. रात्रभर गाडी तिथे ठेवली तर पहाटे नर्मदेवर जाणाऱ्यांना वाट उरली नसती, म्हणून गाडी पुन्हा आमच्या बाजूला आणली.

तो मुलगा मदतीच्या भावनेनेच म्हणाला, “भैया, टेन्शन क्यों लेते हो? सॉकेट में न्यूट्रल से अर्थ में छोटा सा लूप मार दो, बत्ती हरी हो जाएगी.”

बत्ती हिरवी होईल हे खरंच आहे. हा उपाय गावोगाव चालतो, शहरातही चालतो, म्हणून तो का करायचा नाही ते नीट समजून घ्यायला हवं. घरात वीज येते फेजच्या तारेने आणि परत जाते न्यूट्रलच्या तारेने. अर्थिंगची तिसरी तार एरवी रिकामी असते. उपकरणाचा धातूचा सांगाडा तिला जोडलेला असतो. आत कुठे तार सोलली आणि फेज सांगाड्याला लागली, तर वीज त्या तिसऱ्या तारेने जमिनीत जाते आणि फ्यूज किंवा एमसीबी पडतो. आता सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून टाकलं, तर डबीला वाटतं अर्थिंग आहे. पण मागे खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रलची तार कधी निसटली, किंवा कुणी दुरुस्ती करताना फेज-न्यूट्रल उलटे लावले, तर पूर्ण २३० व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर येतात. गाडी उभी रबराच्या टायरांवर. मग दाराला हात लावणारा, अनवाणी उभा असलेला माणूस हाच तिचा जमिनीकडे जायचा रस्ता. राखणदाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चोर पकडल्याचं समाधान मानण्यासारखं आहे ते.

मी आत्याला म्हटलं, “आत्या, गाडी बरी आहे. तुझ्या घरात अर्थिंग नाही असं ती म्हणतेय.”

त्यावर आत्या जे बोलली त्याने माझ्या डोक्यातून गाडी गेली. म्हणाली, “म्हणून ते वॉशिंग मशीन चिमटे घेतं होय? मी आपली लाकडी पाटावर उभी राहून कपडे काढते. आणि नळ लावताना मोटारीला हात लावत नाही. सवय झालीय.”

“कधीपासून?”

“झाली असतील चार-पाच वर्षं. न्हाणीघर नवं केलं तेव्हापासून.”

मशीन, कॉम्प्युटर अशा उपकरणांत आत एक गाळणी असते, ती सांगाड्यावर थोडासा दाब आणते. अर्थिंग असलं की तो निघून जातो. नसलं की बोटाला झिणझिण्या येतात. तेवढ्याने माणसाला इजा होत नाही. पण ती झिणझिण सांगत असते की राखणदार जागेवर नाही. ज्या दिवशी आतली तार खरोखर सोलून निघेल, त्या दिवशी पाट पुरणार नाही.

आणि ही बाई आठवड्याभरात एका डोळ्यावर पट्टी बांधून, चाचपडत, भिंतीचा, नळाचा, मशीनचा आधार घेत याच घरात फिरणार होती. परतीच्या चार्जिंगची मला फारशी काळजी नव्हती, हायवेवर जलद चार्जर आहेत. पण घर तसंच सोडून सोमवारी निघणं शक्य नव्हतं.

रात्री चौकात खाटा टाकल्या. तेव्हा बोलता बोलता आत्याला एक आठवलं. आमचे आतोबा शाळेत शिक्षक होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. “दर उन्हाळ्यात ते न्हाणीच्या मागच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतायचे. रोज संध्याकाळी. मला वाटायचं, अळूला घालतात.”

ते अळूसाठी नव्हतं. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा मुद्दाम न्हाणीजवळ घेत. जमिनीत धातूचा पाइप किंवा पत्रा पुरायचा, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा. वीज जमिनीत जाते ती ओलाव्यातून. कोरडी माती तिला वाट देत नाही. न्हाणीचं पाणी मुरत राहायचं आणि खड्डा ओला राहायचा. शिवाय निमाडच्या उन्हाळ्यात आतोबांची बादली. ते गेल्यावर बादली थांबली. नंतर न्हाणीघर नवं झालं, सांडपाणी पाइपाने थेट गटारात गेलं, परसाचा तो कोपरा फरशीने बंद झाला. अळूही गेलं. आणि हे सगळं होत असताना घरातले दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही पूर्वीसारखेच चालू राहिले, कारण त्यांना चालायला अर्थिंग लागतच नाही. म्हणूनच ते गेलेलं कुणाला कळत नाही.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मी धामनोदच्या बाजूला हायवेवर जाऊन आलो. इथेही एक धडा मिळाला. ढाब्याच्या आवारातल्या चार्जरवर लाल अक्षरं झळकत होती आणि एक गाडीवाला वैतागून निघून जात होता. चार्जरच्या बाजूला कुत्र्याच्या छत्रीसारखं एक लाल बटण असतं, आणीबाणीत दाबायचं. ते कुणीतरी दाबून ठेवलेलं होतं. कुठे जळल्याचा वास नाही, केबल धड आहे, हे पाहून चार्जरवर लिहिलेल्या नंबरला फोन केला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे बटण उजवीकडे फिरवून सोडलं, त्यांनी तिकडून मशीन पुन्हा चालू केलं आणि गाडी चार्ज होऊ लागली. अर्ध्या तासाच्या आत ८० टक्के. त्यापुढे जलद चार्जिंगही हळू होतं, म्हणून निघालो.

यातून आणखी एक गोष्ट पक्की झाली. घरचा प्लग देतो ती एसी वीज. तिचं डीसी करून बॅटरीत भरायचं काम गाडीतला चार्जर करतो. हायवेवरचं मोठं यंत्र मात्र थेट डीसी देतं, गाडीतला चार्जर मधे येतच नाही. त्यामुळे एका ठिकाणी चार्ज होते आणि दुसरीकडे होत नाही, एवढ्यावरूनही बिघाड कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज बांधता येतो. हायवेवर होते पण कुठल्याच घरी होत नाही, असं असेल तर संशय केबलवर किंवा गाडीतल्या चार्जरवर घ्यायचा. एका घरी होते, दुसऱ्या घरी होत नाही, असं असेल तर संशय घरावर.

नऊ वाजता वायरमन आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२६ व्होल्ट, म्हणजे ठीक. फेज आणि अर्थिंगमध्येही खरं तर जवळपास तेवढेच यायला हवेत. आले ९४, आणि तेही हलते. मग त्यांनी होल्डरमध्ये शंभर वॉटचा बल्ब घेऊन तो फेज आणि अर्थिंगला जोडला. बल्बची तार नुसती तांबूस झाली. म्हणाले, “अर्थ मर गया है, अम्मा.”

(हा बल्बचा प्रयोग आपण घरी करायचा नाही. जाणत्या वायरमननेच करायचा.)

फरशीच्या कडेने माग काढला तर जुनी तार भिंतीतून बाहेर येऊन जमिनीत जायच्या जागी गंजून तुटलेली होती. जुना खड्डा फरशी फोडून उघडण्यात अर्थ नव्हता. नवा कुठे घ्यायचा? वायरमननी परसात एक फेरी मारली आणि केळीच्या बेटाजवळ पायाने माती उकरली. स्वयंपाकघरातलं भांडी धुतलेलं पाणी आत्या अजून केळीला घालते. वरची काळी माती भेगाळलेली, पण वीतभर खाली ओल होती. “यहीं,” म्हणाले.

दोन माणसं खणायला लागली. उन्हाच्या आधी दोन तास, ऊन उतरल्यावर दोन तास. अडीच मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि विटांची चौकट करून झाकण. तिथून जाड तार नव्या बोर्डापर्यंत. बोर्डावर आरसीसीबी नावाचं एक वेगळं बटण बसवलं. एमसीबी आणि हे एकच, असं पुष्कळांना वाटतं. एमसीबी तारेला जपतो. तारेतून मर्यादेबाहेर वीज वाहिली की तो पडतो. पण माणसाला मारायला त्या मर्यादेच्या कितीतरी कमी वीज पुरते. आरसीसीबी जाणारी आणि परत येणारी वीज सतत ताडून पाहतो. घरांसाठी वापरतात त्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी भलत्या वाटेने, कदाचित माणसातून, जाते आहे असं दिसलं, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पुरवठा तोडतो. खर्च सगळा मिळून एका चांगल्या माहेश्वरी साडीएवढा झाला.

दुपारी काम थांबलं तेव्हा आम्ही मुलीला घेऊन किल्ल्यावर गेलो. अहिल्याबाईंची गादी आहे तो राजवाडा पाहून ती म्हणाली, “राणीचं घर एवढंसं?” राजवाडा म्हणावा असं तिथे काही नाहीच, लाकडी खांबांचं साधं घर आहे. मग हातमाग पाहिले. अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवले, तेव्हापासून ही कला इथे आहे. साडीच्या काठावरची चटई, वीट, हिरा ही नक्षी किल्ल्याच्या आणि देवळांच्या दगडांत शोधायचा खेळ मुलांना फार आवडतो. आम्ही तो तासभर खेळलो. माग हातापायांनीच चालतो. मुलीने विचारलं, “याला चार्ज करावं लागत नाही?” विणकर काकू हसल्या आणि म्हणाल्या, “हमको करना पड़ता है, चाय से.”

संध्याकाळी काम पूर्ण झालं. वायरमननी पुन्हा बल्ब जोडला. या वेळी तो लख्ख पेटला. मीटरवर फेज-अर्थिंग २२५, न्यूट्रल-अर्थिंग दीड. मग आरसीसीबी चालू करून तोच बल्ब तिसऱ्यांदा लावला. पेटायच्या आतच बटण खट्कन पडलं आणि चौकात अंधार झाला. आत्या दचकली. “घाबरू नका,” मी म्हटलं, “हे पडायलाच हवं होतं.”

गाडीला केबल लावली. हिरवा दिवा. टक्.

पण मला जास्त आठवतं ते त्यानंतरचं. आत्याने वॉशिंग मशीनसमोरचा पाट बाजूला केला, अनवाणी ओल्या फरशीवर उभी राहिली आणि एक बोट हळूच मशीनला लावलं. मग पूर्ण तळवा ठेवला. काही बोलली नाही. पाट उचलून देवघरात नेऊन ठेवला.

मुलीने रात्री विचारलं, “बाबा, गाडीला कसं कळलं घरात बिघाड आहे ते?” मी सांगितलं, तिला विचारायला शिकवलंय. फ्रिजला, पंख्याला, मशीनला ते शिकवलेलं नाही, ते मिळेल ती वीज घेऊन चालत राहतात. गाडी आधी विचारते आणि उत्तर मिळालं नाही तर हटून बसते. इंजिनिअरने हे मुद्दाम तसं करून ठेवलं आहे. हटून बसलेल्या यंत्राला फसवून कामाला लावायचं की ते काय म्हणतंय ते ऐकायचं, हे आपल्या हातात असतं.

सोमवारी पहाटे गाडी १०० टक्के भरलेली होती. घाई होती म्हणून हायवेने आलो. घाट चढून इंदूरला पोचलो तेव्हा ४७ उरले होते. ऑपरेशन ठीक झालं. आत्या दहा दिवस आमच्याकडे राहून, पोहे-जिलबी आणि नातीच्या शाळेच्या गोष्टी पुरेशा झाल्यावर, परत महेश्वरला गेली.

आपल्या मंडळातल्या बहुतेक कुटुंबांचं असं एखादं जुनं घर कुठेतरी आहे. महेश्वरला, देवासला, धारला, उज्जैनला किंवा इथेच राजवाड्यामागच्या एखाद्या गल्लीत. तिथे आपले कुणी वडीलधारे राहतात, आणि ‘सवय झालीय’ म्हणतात. सुट्टीत गेलात की एवढं पाहा. इलेक्ट्रिक गाडी असो वा नसो. मशीन, फ्रिज, मोटार, गीझर यांपैकी काही चिमटे घेतं का, ते थेट विचारा. न विचारता ते सांगणार नाहीत. वायरमनला बोलावून फेज-अर्थिंगचा दाब मोजून घ्या. घरात आरसीसीबी आहे का पाहा, आणि असेल तर त्याच्यावरचं ‘टेस्ट’चं बटण दाबून तो पडतो का तेही पाहा. गाडी चार्ज करायची असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. तासन् तास दहा-बारा अँपिअर वाहिले की हलका बोर्ड तापतो, वितळतो. सॉकेट भिंतीतलं, घट्ट बसणारं आणि चांगल्या जाड तारेचं हवं. संध्याकाळी दाब फार उतरत असेल तर रात्री अकरानंतर लावा, तेव्हा सहसा तो सुधारतो. आणि लाल दिवा लागला तर कुणी कितीही प्रेमाने लूप मारायला सांगितलं तरी मारू नका.

उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घाला. तो खड्डा कुठे आहे, हे घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या.